पुराण, इतिहास आणि पवित्र शास्त्र : मुंबईतील एका वादाची भाषिक बाजू

पवित्र शास्त्रातील कथा शब्दशः इतिहास म्हणून वाचाव्यात की नाही, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील विद्वानांपुढे उभा राहिला आणि तेथून तो आपल्याकडे आला, असा एक समज आहे. मुंबईपुरता तरी तो बरोबर नाही. १८३१ साली स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा ह्या प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे मराठीत बोलली जाऊ लागली होती. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत बॅकबेच्या किनाऱ्यावर दर गुरुवारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जो वादविवाद चालला, त्यात तीच अंगे पुन्हा पुढे आली. ह्या वादांचा धार्मिक व सामाजिक इतिहास अनेकांनी लिहिला आहे. प्रस्तुत लेखात त्यांची भाषिक बाजू तेवढी पाहावयाची आहे : ज्या मराठीत हा प्रश्न विचारला गेला, त्या मराठीने तो कोणत्या शब्दांत मांडला, आणि त्या शब्दांनी उत्तरांना कोणते वळण दिले.

प्रारंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘शब्दशः वाचणे’ आणि ‘इतिहास म्हणून वाचणे’ ह्या दोन क्रिया एक नव्हेत. एखादे वाक्य वाच्यार्थाने घेतले म्हणजे ते घडलेल्या गोष्टीचे निवेदन ठरते, असे नाही. वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले आणि एका शोमरोन्याने त्याची शुश्रूषा केली, ही येशूने सांगितलेली कथा वाच्यार्थानेच समजून घ्यावयाची असते. तीत वाटसरू म्हणजे वाटसरू आणि तेल म्हणजे तेलच. तरीही असा कोणी वाटसरू यरीहोच्या रस्त्यावर अमुक दिवशी पडलेला होता काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उलट लाक्षणिक भाषेत खराखुरा इतिहास सांगता येतो. ‘पेशवाईचा सूर्य मावळला’ ह्या वाक्यात सूर्य नाही, पण १८१८ आहे.

दुसरी गोष्ट अशी की, भूतकाळी क्रियापदाला घडलेले आणि कल्पिलेले यांतील भेद दाखविण्याचे सामर्थ्य नसते. ‘एक राजा होता’ ह्या वाक्यातील ‘होता’ आणि ‘शाहू छत्रपती साताऱ्यास होते’ ह्या वाक्यातील ‘होते’ यांत व्याकरणाला काही फरक दिसत नाही. भेद कळतो तो वाक्याबाहेरच्या खुणांवरून. ‘आटपाट नगर’ असे शब्द कानावर पडले की चातुर्मासातील कहाणी ऐकणाऱ्या मुलालाही कळते की हे नगर नकाशावर शोधावयाचे नाही. हिब्रू कथनाचेही असेच आहे. ज्या क्रियारूपांच्या साखळीने उत्पत्तीच्या पुस्तकात सर्प हव्वेशी बोलतो, त्याच साखळीने राजांच्या पुस्तकात एक राजा मरतो आणि त्याचा पुत्र गादीवर येतो. म्हणून ‘मूळ भाषेत पाहा म्हणजे ते इतिहास आहे की नाही ते कळेल’, हा सल्ला जितका विद्वत्तापूर्ण वाटतो तितका उपयोगाचा नाही. मूळ भाषेत पाहून प्रकार कळतो तो रचनेवरून. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सहा दिवसांची मांडणी पाहावी. पहिल्या तीन दिवशी प्रकाश, आकाश व जल, भूमी, आणि पुढच्या तीन दिवशी त्या त्या स्थानी वावरणाऱ्या ज्योती, पक्षी व मासे, पशू व मनुष्य. प्रत्येक दिवसाअखेरचे पालुपदही तेच. ही जुळणी दिनदर्शिकेची नसून स्तोत्राच्या जवळची आहे. सूर्याच्या आधी प्रकाश कसा, हा मुंबईतल्या वादांतला आवडता आक्षेप ह्या रचनेला लागू पडत नाही. मात्र ती रचना दैनंदिनीसारखी वाचणाऱ्याला तो पुरेपूर लागू पडतो.

आता मराठी शब्दांकडे वळू. ‘इतिहास’ ह्या शब्दाची ‘इति-ह-आस’, म्हणजे ‘असे खरोखर होते’, ही फोड प्रसिद्ध आहे. पण ज्या ग्रंथाला परंपरेने प्रामुख्याने इतिहास म्हटले ते महाभारत होय. आणि ‘इतिहास-पुराण’ असा जोडशब्द आपल्याकडे इतका रूढ होता की त्यातील दोन पदांमध्ये सीमा आखण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. घडलेल्या राजकीय हकीकतीसाठी मराठीत वेगळे नाव होते : बखर. ते अरबी ‘खबर’वरून आले असे व्युत्पत्तिकार मानतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळांतून जेव्हा ‘हिस्टरी’ हा विषय आला, तेव्हा त्याला बखर हे नाव न मिळता इतिहास हे नाव मिळाले. परिणामी एका जुन्या शब्दात नवा अर्थ भरला गेला आणि जुना अर्थ बाहेर पडला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत ‘इतिहास’ ह्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावा लागला, आणि राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापण्यास आरंभ केला, तोवर हा नवा अर्थ स्थिर होत होता. १८३१ किंवा १८५७ मध्ये तो स्थिर नव्हता. तेव्हा मिशनरी जेव्हा ‘आमचे शास्त्र हा खरा इतिहास आहे’ असे मराठीत म्हणे, तेव्हा समोरच्या शास्त्र्याला त्याचा अर्थ ‘महाभारतासारखा’ असा लागणे अगदी स्वाभाविक होते. आणि तसा लागला तर तो शास्त्री लगेच विचारणार की, मग आमच्या इतिहासात तुम्हांस खोट काय दिसते?

‘पुराण’ ह्या शब्दाची कथा अधिक रंजक आहे. फादर स्टीफन्सने गोमंतकात आपला ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली छापला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि त्यांना त्या जागी काहीतरी हवे होते, ही त्यामागची परिस्थिती. ह्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे नाव पैलें पुराण व दुसऱ्याचे दुसरें पुराण. पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वर. सुमारे अकरा हजार ओव्या. जुन्या कराराला पहिले पुराण म्हणण्यात स्टीफन्सला काही कमीपणा वाटला नाही, कारण सोळाव्या-सतराव्या शतकातील मराठी श्रोत्याच्या लेखी पुराण म्हणजे आदरपूर्वक श्रवण करण्याची पवित्र प्राचीन कथा. दोनशे वर्षांनंतर मुंबईच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी हे नाव कटाक्षाने टाळले. त्यांच्या लेखणीत पुराण हा शब्द ‘बनावट कथा’ ह्या अर्थाकडे झुकला. अर्थाचा हा ऱ्हास मिशनऱ्यांनीच केला असे मात्र म्हणता येणार नाही. ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण आपली आपणच घडविली आहे. पुराणात वांगे निषिद्ध असल्याचे सांगणाऱ्या पुराणिकबोवांना घरी जेवताना ते हवे असते, ह्या विनोदात पोथीतील विधान आणि घरातील व्यवहार यांच्या दोन कक्षा आहेत हे समाजाने निमूटपणे मान्य केलेले दिसते. मिशनऱ्याला ही दोन कक्षांची सोय मुळीच मान्य नव्हती, आणि त्याच्याच भूमिकेत राहून पाहिले तर ती मान्य करणे त्याला शक्यही नव्हते.

मग पर्याय म्हणून आले ते नाव ‘पवित्र शास्त्र’. त्या नावाने जो प्रश्न सोडविला त्याहून मोठा निर्माण केला. कारण त्याच दशकांत शाळांतून ज्योतिषशास्त्र, रसायनशास्त्र, पुढे भूगर्भशास्त्र अशी नावे रुळत होती. इंग्रजीत ज्या दोन गोष्टींना दोन निराळी नावे आहेत, त्यांना मराठीत एकच नाव पडले. ‘शास्त्र आणि शास्त्र यांत विरोध येऊ नये’ ही अपेक्षा मग शब्दातूनच उद्भवली. पवित्र शास्त्रातील ग्रंथनामांकडे पाहिले तर भाषांतरकारांचे कान किती तयार होते हे कळते : उत्पत्ति, निर्गम, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, विलापगीत. संहिता, सूत्र, गीत, म्हणजे ह्या संग्रहात अनेक वाङ्मयप्रकार आहेत ही गोष्ट अनुक्रमणिकेतच नोंदलेली आहे. पाचव्या पुस्तकाचे ‘अनुवाद’ हे नाव तर मीमांसेच्या अभ्यासकाला थबकून पाहावयास लावील, कारण आधीच सांगितलेले पुन्हा सांगणे हाच त्या शब्दाचा तेथील पारिभाषिक अर्थ आहे. आणि ‘इतिहास’ हे नाव आज प्रचलित असलेल्या पवित्र शास्त्रात केवळ दोन पुस्तकांना आहे. हिब्रूत ह्या पुस्तकांचे नाव ‘दिव्रे हय्यामीम’, म्हणजे ‘दिवसांच्या गोष्टी’. त्यातील ‘दावार’ ह्या शब्दाचा अर्थ ‘शब्द’ असाही होतो आणि ‘घडलेली गोष्ट’ असाही. मराठी ‘गोष्ट’ह्या शब्दाने येथे मोठी कामगिरी बजावली असती, कारण तीही कथा असते, वस्तुस्थितीही असते, पण भाषांतरकारांनी संस्कृत शब्द पसंत केला. ‘शुभवर्तमान’ हा शब्द त्याच्या उलट टोकाचा. वर्तमान म्हणजे ताजी बातमी, वर्तमानपत्रातले वर्तमान तेच. येशूचे चरित्र पुराण म्हणून नव्हे तर बातमी म्हणून ऐकावे, असे त्या नावानेच श्रोत्याला बजावले. आणि येशूच्या कल्पित कथांसाठी मात्र शब्द वापरला ‘दाखला’! आज जन्माचा, शाळेचा, रहिवासाचा दाखला काढणाऱ्या विद्यार्थ्याला ह्यातली गंमत वेगळी सांगावयास नको.

विल्सन १८२९ साली मुंबईस आले. गिरगावात आंब्रोळी येथे त्यांचे वास्तव्य व कार्य होते. दांडेकरांशी वाद झाल्यावर दांडेकरांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली, आणि तिला उत्तर म्हणून विल्सननी १८३२ साली हिंदुधर्माची चिकित्सा करणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. १८३४ साली साताऱ्याच्या नारायणरावांना उत्तर म्हणून दुसरे. ह्या लेखनात पुराणांना लावलेल्या कसोट्या ठोक आहेत : एका पुराणाचा दुसऱ्याशी मेळ आहे काय, त्यातील भूगोल व खगोल प्रत्यक्षाशी जुळतो काय, आणि देवांचे वर्तन नीतीला धरून आहे काय. ह्या तीनही कसोट्या वाच्यार्थ गृहीत धरून चालतात. दुधाचा समुद्र म्हणजे दुधाचाच समुद्र. मग तो गलबतांना का सापडत नाही? ह्याच कसोट्या पवित्र शास्त्राला लावावयास हिंदू पक्षाला फार काळ लागला नाही. चार शुभवर्तमानांचा परस्परांशी मेळ, नोहाच्या तारवाची लांबीरुंदी, कनानी लोकांच्या संहाराची आज्ञा देणाऱ्या ईश्वराची नीती, ह्या सर्वांना तीच मापे लावता येतात.

पारशी समाजाशी झालेल्या विल्सनच्या वादात ह्या शस्त्राची आणखी एक बाजू दिसून आली. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर मोठी खळबळ उडाली. १८४० च्या सुमारास पारशी पक्षाकडून जी उत्तरे छापली गेली, त्यांतील एकात अहरिमन हे मनुष्याच्या अंतरातील दुष्टपणाचे रूपक होय असे प्रतिपादन होते, तर दुसऱ्यात जरथुश्त्राच्या चमत्कारांचे सरळ समर्थन होते. विल्सननी ह्या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. रूपक हा आडोसा आहे, आणि हल्ला झाल्यानंतर शोधलेला आडोसा आहे, हे त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते. आजही कोणी अडचणीत सापडला की रूपकाकडे धाव घेतो, हे आपण पाहतोच.

येथे शब्दशक्तीच्या विचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. लक्षणा केव्हा मानावयाची? मुख्यार्थाचा बाध झाला तर. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले तर प्रवाहावर घरे राहू शकत नाहीत, म्हणून ‘गंगा’ म्हणजे ‘गंगेचा तीर’. हे सर्वांना मान्य आहे. वादाचा खरा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडे आहे : बाध झाला हे कोणी ठरवावयाचे? मुंबईच्या वादांचे माझ्या मते मर्म हे की, प्रत्येक पक्षाला दुसऱ्याच्या ग्रंथात बाध लख्ख दिसत होता आणि स्वतःच्या ग्रंथात तो दिसतच नव्हता. गरुड पर्वत उचलतो ह्यात बाध. सूर्य यहोशवाच्या आज्ञेने थांबतो ह्यात बाध नाही. किंवा ह्याच्या नेमके उलट.

शास्त्री मंडळींच्या हाती मात्र एक असे साधन होते की जे मिशनऱ्यांपाशी त्या रूपात नव्हते, आणि ते त्यांनी ह्या वादांत पुरते वापरले नाही असे वाटते. मीमांसेने वेदवाक्यांचा विचार करताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला, आणि अर्थवादाचेही तीन प्रकार मानले. जे प्रत्यक्षाशी उघड विरोधात जाते ते गुणवाद. यज्ञाचा खांब म्हणजे सूर्य, असे म्हटले तर ती खांबाची स्तुती समजावी. जे इतर प्रमाणांनी आधीच माहीत आहे ते अनुवाद. आणि ज्याला विरोधही नाही व दुजोराही नाही, ते भूतार्थवाद, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे कथन. ही वर्गवारी ग्रंथागणिक नसून वाक्यागणिक आहे, हा तिचा मोठेपणा. ‘वेद इतिहास आहे काय’ असा सरसकट प्रश्न ती विचारीतच नाही.

पण मीमांसक येथे थांबला नाही. वेदांत व्यक्तींची नावे आली तर ते वेद त्या व्यक्तींच्या नंतरचे ठरतील आणि त्यांचे अपौरुषेयत्व जाईल, ही भीती त्याला होती. म्हणून बबर प्रावाहणि हे कोणा माणसाचे नाव नसून ‘बबर’ असा आवाज करीत वाहणारा वारा होय, असे शबरस्वामींनी सांगितले. भाषाशास्त्रज्ञाला ह्या व्युत्पत्तीचे हसू येईल, परंतु तिच्यामागचा तर्क पाहण्यासारखा आहे. ग्रंथाचे प्रामाण्य टिकावे म्हणून मीमांसक त्यातील इतिहास नाकारतो. ग्रंथाचे प्रामाण्य टिकावे म्हणून मिशनरी त्यातील इतिहासाचा आग्रह धरतो. एकाच्या मते इतिहास आला तर शास्त्र बुडाले, दुसऱ्याच्या मते इतिहास गेला तर शास्त्र बुडाले. ख्रिस्ती श्रद्धेचा मध्यबिंदू एका विशिष्ट काळी, एका रोमन सुभेदाराच्या अमलात घडलेली घटना आहे, आणि ती घडलीच नसेल तर सारे व्यर्थ, हे स्वतः पौलाने लिहून ठेवले आहे. तेव्हा मिशनऱ्याचा आग्रह हा केवळ हट्ट नव्हता. त्या आग्रहाची मर्यादा त्याने कोठवर वाढविली, हा निराळा प्रश्न. क्रुसावरील मृत्यू इतिहास असण्यासाठी नोहाचे तारू इतिहास असलेच पाहिजे काय?

१८५७ च्या वादाविषयी दोन पक्षांचे लेखन उपलब्ध आहे. १५ जानेवारीस आरंभ झालेल्या ह्या सभा २८ मेपर्यंत चालल्या. तोवर मेरठचा उठाव होऊन गेला होता. समोर होते अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन (१८१६-१८८८), १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे गृहस्थ. त्यांचे इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी निघाले. विष्णुबावांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ साली, म्हणजे बावांच्या निधनानंतर वर्षाने, प्रसिद्ध झाला. एकच किनारा, तेच गुरुवार, तेच वक्ते. तरी कोणाचा मुद्दा निरुत्तर करणारा ठरला ह्याविषयी दोन पुस्तकांचा कल साहजिकच आपापल्या पक्षाकडे. यांपैकी एकाला इतिहास आणि दुसऱ्याला कल्पित म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सभा झाल्या, ही गोष्ट दोहोंवरून निर्विवाद ठरते; काय बोलले गेले हे दोहोंची तुलना करून बरेचसे ठरते; कोण जिंकले हे मात्र ठरत नाही.

नेमका हाच प्रकार पवित्र शास्त्रातील एका प्रसंगाचा आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदावर स्वारी केली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तिचे वर्णन आहे, आणि सन्हेरीबाने मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरून घेतलेला त्याचा स्वतःचा वृत्तांतही सापडला आहे. स्वारी झाली, हिज्कीया राजाने खंडणी दिली, यरुशलेम पडले नाही, एवढे दोहोंवरून दिसते. परंतु एकात ईश्वराचा दूत रातोरात सैन्याचा संहार करतो, आणि दुसऱ्यात अश्शूरचा राजा पिंजऱ्यात कोंडलेल्या पाखरासारखी शत्रूची अवस्था करून विजयी होतो. येथे इतिहास कोठे संपतो आणि स्तुती कोठे सुरू होते, हे वाक्यावाक्यागणिक ठरवावे लागते. उत्पत्तीतील पहिल्या अकरा अध्यायांसंबंधी असे बाहेरचे दुजोरे नाहीत. राजांच्या काळासंबंधी ते आहेत : तेल दान येथे १९९३ साली सापडलेल्या अरामी लेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख मिळाला. मिसरमधून लक्षावधी लोकांच्या निर्गमनाच्या खुणा मात्र उत्खननात मिळालेल्या नाहीत. पवित्र शास्त्र हा एक ग्रंथ नसून ग्रंथालय आहे, ही गोष्ट ह्या असमान पुराव्यावरूनच उघड होते.

आमच्या विषयाने ह्या वादाकडे तटस्थपणे पाहू नये, असेही एक कारण आहे. तौलनिक भाषाशास्त्र उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायाच्या मांडीवर वाढले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मुळाविषयी जे विधान केले ते प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. पण त्याच जोन्सनी हिंदूंच्या कालगणनेला मोशेच्या कालगणनेच्या चौकटीत बसविले, आणि हिंदू, ग्रीक, रोमन यांना नोहाचा पुत्र हाम याचे वंशज ठरविले, हे सहसा सांगितले जात नाही. ‘सेमिटिक’ हे आपण आजही निःशंकपणे वापरतो ते नाव नोहाच्या थोरल्या पुत्राचे आहे. बाबेलच्या बुरुजाची कथा इतिहास आहे काय, ह्या प्रश्नाला भाषाशास्त्राने वाद न घालता उत्तर दिले. भाषा हळूहळू कशा फुटतात हे दाखविल्यावर एका दिवसात त्या फुटल्या असे मानण्याची गरज उरली नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ चीच. तिला मराठी भाषेच्या घटकांविषयी विवेचक टिपण जोडले आहे ते जॉन विल्सन यांचे. शब्दांच्या इतिहासात इतका सावध असलेला हा विद्वान शास्त्राच्या इतिहासात तितका सावध नव्हता, ह्याचे मला नवल वाटत नाही, कारण उलट्या बाजूला आमचे शास्त्रीही असेच होते.

युरोपातच ह्या भूमिकेला तडा गेला तो थोड्याच वर्षांत. नाताळचा बिशप कोलेन्सो, मूळचा गणिताची पाठ्यपुस्तके लिहिणारा, झुलू भाषेत भाषांतर करीत असता त्याच्या झुलू सहकाऱ्याने विचारले की, जलप्रलयाची ही हकीकत खरोखरच घडली काय? कोलेन्सोने प्रामाणिकपणे आकडेमोड केली आणि १८६२ साली पंचग्रंथीवरील आपल्या चिकित्सेचा पहिला भाग छापला. रानात फिरणाऱ्या सहा लक्ष लढवय्यांची गणना जमेना. १८७२ साली जॉर्ज स्मिथने बाबिलोनी इष्टिकालेखांत जलप्रलयाची जुनी कथा वाचून दाखविली, आणि नोहाची कथा एका मोठ्या कथाकुलातील एक शाखा ठरली. शतपथ ब्राह्मणातील मनू व मत्स्य यांची कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक होतीच. युरोपीय बिशपाला एका झुलू माणसाने विचारलेला प्रश्न मुंबईच्या शास्त्र्याने त्याआधी तीस वर्षे विचारला होता. फरक एवढाच की कोलेन्सोने तो स्वतःच्या ग्रंथाला विचारला.

स्वतःच्या बाजूने असा प्रश्न विचारणारे मुंबईत कोणी होते काय? मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग (१८१४-१८८२) यांचे नाव येथे घेतले पाहिजे. परमहंस सभेच्या स्थापनेतील ह्या पुढाऱ्याने १८७८ साली स्वीडिश तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग याच्या ग्रंथांवर इंग्रजीत आपले चिंतन प्रसिद्ध केले. स्वीडनबोर्गचे मत असे की, उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय हा इतिहासाच्या रूपात घातलेला आध्यात्मिक अर्थ आहे, अब्राहामापासून पुढे खरा इतिहास आहे, आणि त्या इतिहासालाही आंतर अर्थ आहे. एका हिंदू व्याकरणकाराला पवित्र शास्त्राचा हा वाचक जवळचा वाटावा, ह्यात मला संगती दिसते. वाच्य आणि व्यंग्य ह्या दोन पातळ्या एकाच वाक्यात एकाच वेळी नांदतात, ही गोष्ट त्याला नवीन नव्हती. स्वीडनबोर्गचे संकेतकोष्टक, म्हणजे अमुक प्राणी म्हणजे अमुक वृत्ती, हे भाषाशास्त्राला पटणारे नाही. परंतु अकराव्या व बाराव्या अध्यायांमधील सीमारेषा त्याने भूगर्भशास्त्राचा दबाव येण्याच्या आधी, अठराव्या शतकात, ओढली. ती आडोसा नव्हती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावतारांचे जे वाचन केले ते ह्याच्या अगदी विरुद्ध दिशेचे. ज्या कथांना मिशनरी थोतांड म्हणत होते, त्यांना फुल्यांनी इतिहास म्हटले. मात्र तो पराभूतांचा इतिहास, विजेत्यांनी विकृत केलेला. वामनाने बळीला पाताळात घातले, ह्यात एका लोकसमूहाने दुसऱ्यावर केलेले आक्रमण आहे. त्यांच्या ‘महाअरी’सारख्या व्युत्पत्ती टिकणाऱ्या नाहीत. पण कथा खरी की खोटी एवढ्यावर न थांबता ती कोणाच्या तोंडची आणि कोणाच्या सोयीची, हा प्रश्न त्यांनी घातला, आणि पवित्र शास्त्राच्या आधुनिक अभ्यासातही आज तोच प्रश्न अग्रभागी आहे.

एका मराठीभाषक समाजाला मात्र पवित्र शास्त्र हा परक्याचा ग्रंथ नव्हता. कुलाबा जिल्ह्यातून मुंबईस आलेल्या बेने इस्राएल लोकांच्या दृष्टीने जुना करार हीच त्यांची कुलकथा. हगादा हा वल्हांडण सणाचा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८८० च्या सुमारास ह्या समाजात पवित्र शास्त्रातील आख्यानांवर मराठी कीर्तने रचून होऊ लागली. योसेफ किंवा मोशे पूर्वरंग-उत्तररंगाच्या साच्यात, साक्या-दिंड्यांतून श्रोत्यांसमोर उभा राहू लागला. कीर्तनाला बसलेला श्रोता आख्यान खोटे मानीत नाही आणि त्याचे साक्षीपुरावेही मागीत नाही. स्टीफन्सचे ‘पुराण’ आणि हे कीर्तन यांत पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे, पण ऐकण्याची रीत एकच.

ह्याच समाजाच्या आगमनाची परंपरागत कथा अभ्यासकांनी जरूर तपासून पाहावी. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचेच हे वंशज. आता त्याच किनाऱ्यावरील चित्पावनांच्या मूळकथेत लोकपरंपरा समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते सांगते, आणि परशुराम त्यांना जिवंत करतो. चौदाचा आकडा दोहोंकडे. सात जोड्यांची संख्या नोहाच्या तारवातील शुद्ध पशूंचीही. म्हणून नवगावची कथा खोटी ठरत नाही. समुद्रमार्गे लोक कोकणात आले, गलबते फुटली, आणि बेने इस्राएल लोक तेथे शतकानुशतके तेल गाळीत शनिवार पाळीत राहिले. ‘शनवार तेली’ हे त्यांचे नाव त्याचीच साक्ष देते. कथेतील कोणता भाग स्मृतीचा आणि कोणता साच्याचा, हे सांगताना संख्या बहुधा साच्याची असते आणि व्यवसाय, वार, गावाचे नाव ही बहुधा स्मृतीची असतात, असा एक कामचलाऊ नियम सांगता येईल. तो सन्हेरीबाच्या स्वारीलाही लावून पाहता येतो.

३१ मार्च १८८८ रोजी रा. गो. भांडारकरांनी चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर मुंबईत एक व्याख्यान दिले. विषय होता संस्कृत विद्या व भारतीय पुरातत्त्व. व्याख्यान झाले ते फ्री चर्च कॉलेजच्या साहित्यमंडळाच्या विद्यमाने. विल्सननी उभारलेली ही संस्था, पुढे त्यांचेच नाव मिळालेली, जिची आजची इमारत १८८९ पासून गिरगाव चौपाटीसमोर उभी आहे. ज्याच्यापासून लाभ किंवा हानी होणार आहे अशा साक्षीदाराचे म्हणणे कसे तोलावे, एका वृत्तांताला दुसऱ्याचा आधार केव्हा धरावा, ही शिस्त भांडारकर आपल्या लेखनातून संस्कृत ग्रंथांना लावीत आले होते, आणि प्रार्थना समाजाचे ते सभासद असल्याने ‘आपला’ ग्रंथ कोणता हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कोणी सहजासहजी विचारू शकत नव्हते. बावांच्या आणि बोवेनच्या गुरुवारांना तोवर एकतीस वर्षे झाली होती.